तारामतीचे मोल
(श्रीमती दुर्गाबाई खोटे यांचे चरित्र व त्यावरून सुचलेले काही विचार)

गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी एक प्रश्न उपस्थित झाला, व त्याचा निवाडा करण्याचे काम घरातील वडील माणूस या नात्याने माझ्याकडे आले. आम्ही दोघे बंधू, उभयतांची कुटुंबे, माझे चिरंजीव व सूनबाई असे सारे उलवे येथे एकाच मजल्यावरील दोन जोडघरांत राहतो. स्वयंपाक एक, देवघर एक, आणि ईश्वरकृपेने वादही बहुधा एका वेळी एकच असतो. या खेपेस वादाचा विषय होती माझी पुतणी. ती यंदा वाणिज्य शाखेची पदवीधर झाली. आता तिने एखाद्या बँकेची परीक्षा द्यावी, असे तिच्या वडिलांचे मत. मुलीने मात्र एके रात्री पाने वाढून होताच सांगून टाकले की, तिला मुंबईस दोन वर्षे नाट्यकलेचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे, आणि पुढे उदरनिर्वाहही त्याच कलेवर करावयाचा आहे.

बंधूंचा घास हातातच राहिला. ते मजकडे वळून म्हणाले, "दादा, आता तुम्हीच तिला दोन शब्द सांगा. नाटकाची हौस असावी. मला तिचे वावडे नाही. पण पोटासाठी नाटक? आणि आपल्या घराण्यात?"

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत दुर्गाबाई खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र पुनः एकवार वाचून काढले, आणि रविवारी दुपारी सर्व कुटुंबासमवेत 'अयोध्येचा राजा' हा १९३२ सालचा बोलपट घरच्या पडद्यावर पाहिला. बंधूंच्या तोंडून जो शेवटचा शब्द निघाला, 'घराणे', त्या एका शब्दाचा या बाईंच्या आयुष्याशी फार निकटचा संबंध आहे. तो संबंध वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू होय.

एक भूमिका, दोन पात्रे

प्रारंभ थोडा मागून करणे अवश्य आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे आपल्या प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांतून सीता, द्रौपदी, शकुंतला या सर्व भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांसारख्या अलौकिक नटाने तर त्या प्रथेला असे तेज आणले की, कुलस्त्रियांनी त्यांच्यावरून लुगडे नेसण्याची रीत उचलावी. तेव्हा ती प्रथा केवळ हास्यास्पद होती असे कोणी समजू नये. परंतु जे रंगभूमीवर दिव्यांच्या प्रकाशात खपून जाई, ते छायाचित्राच्या निर्दय डोळ्यापुढे खपणे कठीण होते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हे चित्र तयार करावयास घेतले, तेव्हा सर्व प्रकारे शोध करूनही तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात हे चित्र लोकांपुढे आले.

त्याच वर्षी फाळक्यांनी घेतलेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई या दोघी उभ्या राहिल्या. हिंदी चित्रसृष्टीतील या पहिल्या स्त्रिया होत, आणि त्या महाराष्ट्रातील ब्राह्मण घरातील होत्या. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले या नावाने प्रसिद्धीस आल्या. नट विक्रम गोखले हे त्यांचेच नातू. या मायलेकींनी जे सोसले त्याचा पाढा आपल्या घरांतून क्वचितच वाचला जातो. घर सोडून निघालेल्या, फिरत्या मंडळीबरोबर गावोगाव जाणाऱ्या बाईला समाजाने आपल्या पंक्तीत पान मांडले नाही. आणि नातवाने नाव काढल्यावर मात्र 'गोखले आपलेच' असे म्हणण्यास आपण कचरलो नाही.

शास्त्राचा आधार या बहिष्काराला होता काय? मी संस्कृताचा विद्यार्थी. म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो की, तसा आधार नाही. उलट भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात अशी कथा आहे की, कैशिकी वृत्ती, म्हणजे नाट्यातील लालित्याचा भाग, स्त्रियांवाचून केवळ पुरुषांकडून साधणे शक्य नाही असे भरतांनी ब्रह्मदेवास सांगितले, आणि त्यावर ब्रह्मदेवाने अप्सरा निर्माण करून त्यांच्या हवाली केल्या. कालिदासाच्या शाकुंतलाचा पडदा उघडतो तो सूत्रधार आपल्या नटीला हाक मारतो तेथे. आणि ती हाक 'आर्ये' अशी आदराची आहे. सारांश, नटीला 'आर्या' म्हणणारी परंपरा जुनी आहे, व तिला उंबऱ्याबाहेर उभी करणारी परंपरा आपण मागाहून निर्माण केलेली आहे.

लाडांची विठा

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत पांडुरंग शामराव लाड या प्रख्यात सॉलिसिटरांच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिचे माहेरचे नाव विठा. घराणे मूळचे गोव्याकडील, गौड सारस्वत. राहणे गिरगावात कांदेवाडीस, मोठ्या एकत्र कुटुंबात. फाळक्यांचे चित्र जेथे प्रथम झळकले त्याच गिरगावातील ही मुलगी त्या वेळी आठ वर्षांची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिक्षण इंग्रजी पद्धतीने, कॅथीड्रल शाळेत व नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात चालू होते. परंतु लग्न ठरले आणि पदवी राहून गेली. विश्वनाथ खोटे हे जावई बनारस हिंदू विश्वविद्यालयातून यंत्रशास्त्र शिकून आलेले होते. सासरही तोलामोलाचे होते. बकुल व हरिन असे दोन मुलगे झाले. येथपर्यंतची हकीकत कोणत्याही सुखवस्तू घरातील लेकीची वाटावी अशी आहे.

पुढे सासरच्या वैभवास ओहोटी लागली. ज्या घरात हात न आखडता खर्च होई त्या घरात महिन्याची जुळवाजुळव करण्याची पाळी आली. तशातच ऐन तारुण्यात पतिवियोगाचे दुःखही त्यांच्या वाट्यास आले. माहेर संपन्न होते. परत जाऊन वडिलांच्या छत्राखाली राहणे अशक्य नव्हते. तथापि दोन मुलांसह आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत बसणे या मानी स्त्रीला रुचले नाही. प्रथम त्यांनी शिकवण्या केल्या. तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केलेल्या मला शिकवणीच्या उत्पन्नाची पुरती कल्पना आहे. त्यावर मीठमिरची होते, संसार होत नाही.

अशा स्थितीत, बहिणीकडे आलेली चित्रपटाची विचारणा त्यांच्याकडे वळली. चित्राचे नाव होते 'फरेबी जाल', दिग्दर्शक मोहन भवनानी, साल १९३१. काम अगदी लहान होते. पण मालकांनी त्याची जाहिरात मात्र मोठी केली. आणि ती करताना नटीच्या गुणांचा नव्हे, तर तिच्या घराण्यांचा डांगोरा पिटला. सुप्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची कन्या व खोटे घराण्याची स्नुषा पडद्यावर येत आहे, असा तो प्रचार होता. चित्र सुमार निघाले आणि गिरगावात गहजब झाला. दोन्ही कुळांनी डोक्याला हात लावले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. मालकाने विकावयास काढले ते बाईंचे घराणे, आणि समाजाने त्यांना दोष दिला तोही घराणे विकल्याचाच. मधल्या मध्ये त्या बाईंनी काम कसे केले, कशासाठी केले, याची वास्तपुस्त कोणी केली नाही.

काशीचा बाजार

त्या गदारोळातच प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम यांची दृष्टी त्यांच्यावर गेली. ही कंपनी कोल्हापुरास १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी स्थापन केली होती, आणि ती आपला पहिला बोलपट काढण्याच्या तयारीत होती. विषय पुनः तोच, राजा हरिश्चंद्राचा. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. तारामती दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका करावयास मुंबईत एक स्त्री मिळाली नव्हती, ती भूमिका आता गिरगावातीलच एक सुशिक्षित कुलस्त्री करणार होती.

आजच्या प्रेक्षकाला त्या कामातील कष्टांची कल्पना येणे कठीण. पार्श्वगायन नावाची सोय त्या वेळी नव्हती. नटाने अभिनय करता करताच गावयाचे, वाजविणारे जवळच पण दृष्टीआड बसावयाचे, आणि ध्वनी जागच्या जागी मुद्रित व्हावयाचा. एखादा सूर ढळला तर सारा प्रवेश पहिल्यापासून. शिवाय हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार होत होता. म्हणजे तारामतीने आपले दुःख एकदा मराठीत भोगावयाचे आणि मग तेच, तितक्याच ताजेपणाने, हिंदीत!

कथा वाचकांस ठाऊक आहे. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी राजा काशीच्या बाजारात राणीला विकतो. मार्कंडेय पुराणात या राणीचे नाव शैब्या असे आहे, आणि तेथे एक मार्मिक गोष्ट आढळते. स्वतःला विकण्याची सूचना प्रथम राणीच करते. राजा ती ऐकून मूर्च्छित होतो. पुराणकारांची ही शैब्या निमूटपणे विकली जाणारी नव्हे. घर बुडते आहे, देणे फेडणे प्राप्त आहे, आणि आपले कष्ट एवढेच आता विकण्याजोगे उरले आहे, हा हिशेब पतीच्या आधी तिने केलेला असतो. बाईंच्या आयुष्यात नेमका हाच हिशेब नुकता मांडला गेला होता. म्हणून की काय, राजवाड्यातून निघून दासीपण पत्करणारी ती उंच, ताठ मानेची राणी पाहताना आजही ती सोंग करीत आहे असे वाटत नाही.

१९३२ साली हा बोलपट प्रदर्शित झाला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. ज्यांनी 'फरेबी जाल'च्या वेळी नाके मुरडली होती, तेच आता सहकुटुंब तारामतीच्या दुःखाने डोळे पुसू लागले. माझ्या आजीने, तेव्हा ती नवपरिणीत होती, हा बोलपट मुंबईत पाहिला होता. आम्हां नातवंडांना ती हरिश्चंद्राची गोष्ट सांगे तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जी तारामती असे, ती खोट्यांच्या सुनेचा चेहरा घेऊनच. नामोल्लेखही 'दुर्गाबाई' असा आदराने होई.

पण मला या वयात एक शंका येते, ती स्पष्टपणे मांडतो. एका वर्षाच्या आत असे काय बदलले? बाई त्याच, यंत्र तेच, मोबदलाही तसाच रोख घेतलेला. बदलली ती केवळ भूमिका. मग आपल्या समाजाने क्षमा केली ती दुर्गाबाईंना, की तारामतीला? पडद्यावर पतिव्रता होऊन आली म्हणून आपण तिला घरात घेतले असेल, तर तो मान त्या स्त्रीचा नव्हे; तो आपल्या सोयीचा मान झाला.

पतिव्रतेच्या पलीकडे

दुर्गाबाईंनी स्वतः या सोयीवर विसंबून राहण्याचे नाकारले, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग होय. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' चित्रात त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, ती जिवंत चित्ता जवळ बाळगून! पुढे कलकत्त्यास जाऊन देवकी बोस यांच्या हाताखाली त्यांनी 'राजरानी मीरा' व 'सीता' या चित्रांत कामे केली. पैकी १९३४ सालचा 'सीता' हा व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. १९३६ साली 'प्रभात'च्या 'अमर ज्योती'त त्यांनी सौदामिनी रंगविली. स्त्री ही नवऱ्याची दासी, अतएव तिचा पोटच्या मुलावरही हक्क नाही, असा निवाडा मिळाल्यावर ही सौदामिनी बंड करून समुद्रावरील लुटारूंची नायिका होते. ज्या प्रेक्षकांनी तारामतीसाठी अश्रू ढाळले त्यांना ही सौदामिनी पचविणे सोपे नसणार. तरीही ती त्यांनी पाहिली, आणि हे चित्रही व्हेनिसपर्यंत गेले.

१९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' या बोलपटात, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खाष्ट सासू साकारली. नायिकेचे वय अजून उलटले नसताना सासूचे काम घेणे म्हणजे नटीने आपल्या हाताने आपले बाजारमूल्य कमी करणे, असे व्यवहार सांगतो. बाईंनी भूमिकेचे मोल पाहिले, वयाचे पाहिले नाही. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत भेट'मध्ये त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही कामांबद्दल बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांचा सन्मान केला. सासू आणि कैकेयी! आपल्या एकत्र कुटुंबांतून ज्या दोन स्त्रियांची बाजू आजवर कोणी ऐकून घेतली नाही, नेमक्या त्याच दोघी.

व्यवहारातही त्यांनी एक नवा पायंडा पाडला. त्या काळी नटनटी चित्रसंस्थेच्या मासिक वेतनावर बांधलेल्या असत. जुन्या नाटक मंडळीतील पगारी नटांची जी तऱ्हा तीच येथेही. दुर्गाबाईंचा 'प्रभात'शी घरोबा होता; तरीही त्यांनी एका संस्थेची कायमची बांधिलकी न पत्करता जेथे काम चांगले तेथे ते करण्याचे स्वातंत्र्य राखले. असे करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. स्वतःचे चित्र काढण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. पुढे लघुपट व जाहिरातपट तयार करणारी स्वतःची संस्था चालविली. दूरदर्शनवर १९८८ साली आलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच संस्थेची. एका मध्यमवर्गीय कारकुनाच्या संसाराची ती साधी कथा घरोघर लोकप्रिय झाली, तेव्हा तिच्या पाठीशी ऐंशी वर्षे उलटलेल्या दुर्गाबाई आहेत हे आमच्यापैकी कितीकांस ठाऊक होते?

१९६० साली 'मुघल-ए-आझम'मध्ये त्या जोधाबाई झाल्या. एकीकडे सम्राट पती, दुसरीकडे बंडखोर पुत्र, अशा कात्रीत सापडलेली ती माता. १९७३ च्या 'बॉबी'त व १९८० च्या 'कर्ज'मध्ये नव्या पिढीनेही त्यांना पाहिले. १९७४ च्या 'बिदाई'तील कामाला फिल्मफेअर पारितोषिक लाभले. सुमारे पन्नास वर्षे आणि दोनशेंहून अधिक चित्रपट, असा हा प्रपंच आहे.

रंगभूमीची सेवा

चित्रपटाने त्यांना भाकरी दिली. पण रंगभूमीकडे त्या निराळ्याच ओढीने वळल्या. गिरगावातच मुंबई मराठी साहित्य संघाच्या डॉ. भालेराव यांनी पडत्या काळात मराठी नाटकाला सावरण्याचे जे व्रत घेतले होते, त्यात दुर्गाबाईंचा मोठा वाटा आहे. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त व 'भाऊबंदकी'त, तसेच 'वैजयंती', 'शोभेचा पंखा' अशा नाटकांतून त्यांनी कामे केली. 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई व नानासाहेब फाटकांचा राघोबा ही जोडी पाहिलेले लोक पुढे वर्षानुवर्षे तिच्याविषयी बोलत असत. १९५४ साली वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपियरच्या मॅक्बेथवरून रचलेल्या 'राजमुकुट' नाटकातही त्यांनी मुख्य स्त्रीभूमिका केली.

कैकेयी, आनंदीबाई आणि 'राजमुकुटा'तील ती महत्त्वाकांक्षी पत्नी, या तिघी पतीला अकार्याकडे लोटणाऱ्या. साधा नट अशा पात्राला काळे फासून मोकळा होतो. रसशास्त्र सांगते की, भाव हा आधी नटाने ओळखावा तेव्हाच तो रसिकापर्यंत रसरूपाने पोचतो. ज्या स्त्रीने स्वतः लोकापवाद भोगला होता, तिला लोकांनी दूषण दिलेल्या स्त्रियांचे अंतरंग इतरांपेक्षा अधिक उमगले असेल, तर त्यात नवल ते काय?

सन्मान यथावकाश आले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, १९६८ साली 'पद्मश्री', आणि १९८३ साली चित्रसृष्टीतील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या चौथ्या स्त्री. त्यापूर्वी तो देविकाराणी, सुलोचना उर्फ रूबी मायर्स आणि काननदेवी यांस मिळाला होता. ज्या फाळक्यांना तारामती मिळत नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार अखेर तारामतीला मिळाला. ज्या शांतारामांनी तिला तारामती केले, त्यांना तो मिळावयास आणखी दोन वर्षे लागली.

खोटे घराण्याचे काय झाले, हेही सांगावयास हवे. सून पडद्यावर गेली म्हणून ज्या कुळाची नाचक्की झाल्याचे लोक म्हणत होते, त्या कुळातून पुढे शुभा खोटे व विजू खोटे हे नामांकित कलावंत निघाले. दुर्गाबाईंचे धाकटे चिरंजीव हरिन यांच्या पत्नी विजया, याच पुढे 'रंगायन'च्या विजया मेहता म्हणून रंगभूमीवर थोर पदास पोचल्या. हरिन मात्र अकाली गेले; वैधव्य भोगलेल्या मातेला पुत्रशोकही चुकला नाही. उत्तरायुष्यात त्या आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागेस राहावयास आल्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आमच्या घरातील एक जुने प्रकरण

आता माझ्या आजीकडे परत वळतो. तारामतीच्या आठवणीने डोळे पुसणाऱ्या या माउलीला एक मुलगी होती, माझी आत्या. आत्या १९५४ च्या सुमारास गिरगावात नातेवाइकांकडे राहून नोकरी करीत असे. साहित्य संघाची नाटके तिने पाहिली होती. तिच्या कचेरीतील मंडळींनी एक नाटक बसविले व तीत तिला काम देऊ केले. तिने परवानगीसाठी घरी पत्र लिहिले. आजोबांनी उत्तरी दोन ओळी धाडल्या. पण त्यांना त्या लिहावयास लावणारी आजीच होती, हे तिने स्वतः मला सांगितले. 'आपल्या घराण्यात हे चालत नाही,' असा त्या ओळींचा आशय होता.

आत्याने काम सोडले. पुढे तिचे लग्न झाले, संसार झाला. तिने कधी कुरकुर केली नाही. उतारवयात ती आमच्याकडे काही दिवस राहिली होती. तेव्हा मी सहज विचारले, "आत्या, त्या नाटकात तुला काम तरी कोणते होते गं?"

ती हसून म्हणाली, "अरे, दासीचे! दुसऱ्या अंकात यायचे, पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि 'बाईसाहेब येताहेत' म्हणून आत जायचे. एवढेच."

मी निरुत्तर झालो. राणीची दासी झालेली तारामती ज्या घराने देवासमान मानली, त्याच घराला आपल्या लेकीने रंगभूमीवर पाण्याचा तांब्या ठेवलेला सोसवला नाही. आजी दुष्ट होती काय? मुळीच नव्हे. लोक काय म्हणतील याचे भय तिला होते, आणि ते लोक म्हणजे तिच्यासारख्याच चार आज्या होत्या.

दुर्गाबाईंच्या चरित्रातून मला जो बोध झाला तो हा. 'कुलीन स्त्रीने रंगभूमीला प्रतिष्ठा दिली,' असे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने लिहितो. त्यात अर्धेच सत्य आहे. कुळाने दुर्गाबाईंना एवढेच दिले की, त्यांची निंदा अधिक मोठ्याने झाली आणि त्यांचा गौरवही अधिक मोठ्याने झाला. त्यांच्या आधी व त्यांच्या बरोबरीने ज्या अनेक स्त्रियांनी, कोणतेही कुळ पाठीशी नसताना, गाऊन व अभिनय करून आपली घरे चालविली, त्यांच्या कष्टांना आपण प्रतिष्ठा हा शब्दच लावला नाही. प्रतिष्ठा येते ती कामाच्या सचोटीतून: वेळेवर येणे, पाठ चोख असणे, मिळेल त्या भूमिकेत जीव ओतणे, आणि कमावलेल्या पैशावर मुलांना वाढविणे. हे ज्या बाईने केले ती कोणत्याही आळीतील असो, कुलीनच होय. काशीच्या बाजारात राणीचे मोल झाले ते तिच्या मुकुटाचे नव्हे. ते तिच्या दोन हातांचे झाले.

आठवे दिवशी रात्री पाने झाल्यावर मी बंधूंस हे सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, घराण्याचे राहू द्या. पण हिचे पोट भरेल का?"

हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नापेक्षा फार बरा वाटला, कारण तो बापाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मी तरी काय देणार? मी मुलीलाच पुढे बोलाविले. ती म्हणाली, "बाबा, दोन वर्षे शिकते. सकाळी दोन मुलांच्या हिशेबाच्या शिकवण्या धरल्या आहेत. येण्याजाण्याचा खर्च त्यातून निघेल. मोठे काका, दुर्गाबाईंनीसुद्धा आधी शिकवण्याच केल्या होत्या ना?"

बंधूंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. सूनबाईंनी आतून विचारले, सकाळचा डबा किती वाजता लागेल? तेव्हा विषय तेथेच मिटला.

आता रोज पहाटे आमच्या घरी एक डबा अधिक होतो. ती कन्या बामणडोंगरीची पहिली गाडी पकडते आणि रात्री उशिरा परतते. परवा तिला विचारले, "काम कोणते मिळाले?" म्हणाली, "दासीचे." मी तिला आत्याची हकीकत सांगितली नव्हती, त्या रात्री सांगितली.